नम्रता कोणी कोणाला शिकवायची? : ‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती जीवनातला गर्व

(नांदेड आणि लातूर इथं एकाच विषयावर झालेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



गर्व, नम्रता आणि देवावरचा भरवसा. हा विषय तुमच्यापैकी अनेकांनी रविवारच्या उपासनेत कितीतरी वेळा ऐकला असेल. परूशी आणि जकातदार यांचा दृष्टान्त, येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग, फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, आणि ते सांगायला तुमचे पाळक समर्थ आहेत. माझं काम पुस्तकं वाचणं. म्हणून आज उपदेश नाही. आज एक मराठी पुस्तक एका प्रश्नाच्या अंगानं वाचू या. पुस्तक आहे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

प्रश्न साधा आहे. माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा गर्व जातो का? जात असेल तर कोणत्या वाटेनं जातो, आणि जात नसेल तर कुठं जाऊन बसतो? या प्रश्नाला आपल्या मराठवाड्यात एक शेपूट आहे, ते पुण्या-मुंबईच्या व्याख्यानात सहसा येत नाही. ज्याची मान पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच खाली दाबून धरली, त्याच्यासमोर नम्रतेचा उपदेश करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी शब्द बघू

आपल्या भाषेची गंमत बघा. ‘अभिमान’ हा शब्द आपण दोन्ही बाजूंनी वापरतो. मराठीचा अभिमान असावा म्हणतो, आणि देवापुढं अभिमान नको असंही म्हणतो. बिघडलेल्या अभिमानासाठी तर शब्दांची रांगच आहे. गर्व, अहंकार, ताठा, तोरा, मिजास, घमेंड. आणि प्रत्येकाची जागा वेगळी बरं का! तोरा कपड्यात आणि चालण्यात दिसतो. मिजास पैशाची आणि खुर्चीची. ताठा मानेत असतो. अहंकार मात्र कुठंच दिसत नाही, तो आत असतो.

नम्रतेच्या बाजूलाही तसंच आहे. नम्र, लीन, विनयी हे एका टोकाला. त्यांच्या अगदी शेजारी, भिंतीला भिंत लावून, राहतात लाचार, मिंधा, दबलेला. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. दोघांचीही मान खाली असते. फरक एवढाच, की नम्र माणसानं ती स्वतः खाली घातलेली असते आणि लाचार माणसाची कुणीतरी घालायला लावलेली असते.

आजचं सगळं बोलणं या एका फरकाभोवती आहे.

सोवळ्याचं घर

लक्ष्मीबाई म्हणजे माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाहीच. लिहायला-वाचायला नवऱ्यानं शिकवलं. आणि पुस्तक असं लिहून ठेवलं, की मराठी आत्मचरित्रांची कुठलीही यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

या पुस्तकात सुरुवातीलाच भेटतं ते वडिलांचं सोवळं. १८५७ नंतरच्या धामधुमीत आजोळच्या कर्त्या माणसाला फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं बसलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, प्रत्येक स्पर्शाचा हिशेब ठेवायचा. सगळ्या घराला त्याचा काच. लक्ष्मीबाई हे सांगताना वडिलांवर रागावत नाहीत. हसतात, आणि हसता हसता आपल्याला एक गोष्ट दाखवून जातात. सोवळं हा धर्म म्हणून सुरू झाला असेल, पण त्याच्या मुळाशी भीती आहे. मी शुद्ध आहे, आणि जग मला बाटवायला टपलं आहे, ही भीती.

गर्वाकडं या बाजूनं आपण कमी बघतो. गर्विष्ठ माणूस म्हणजे छाती पुढं काढून चालणारा, असं चित्र आपल्या डोळ्यापुढं असतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचा गर्व तसा नाही. तो थरथरणारा गर्व आहे. सतत हात धुणारा. देवावर भरवसा नाही म्हणून पाण्यावर भरवसा. माझं पावित्र्य माझ्याच हातात आहे, मीच ते सांभाळलं पाहिजे, क्षणभर डोळा लागला तर गेलं. ख्रिस्ती परंपरा ज्याला गर्वाचं मूळ म्हणते ते हेच आहे. स्वतःला वाचवायची जबाबदारी स्वतःकडं घेणं.

आता हे बीज लक्षात ठेवा, कारण ते लेकीच्या वाट्याला आलं.

१८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बायको सोबत नव्हती. पुढं काही वर्षं वियोगाची गेली. मग लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. नवऱ्यावर जीव आहे, त्याच्या देवाबद्दल कुतूहल आहे, त्याचं पुस्तकही वाचायला सुरुवात झाली आहे. पण पाणी? ते नाही.

लातूरकरांना पाण्याचं मोल मी सांगायला नको. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं तुमच्याकडं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत टँकरपुढच्या रांगेत उभं असताना हे पाणी कोणाच्या हातून येतंय, हे विचारायला कोणाला सवड होती? लक्ष्मीबाईंना सवड होती. पाणी मिळत असूनही ते कोणाच्या हातचं, हा प्रश्न सुटत नव्हता.

तो सुटला कसा? इथं पुस्तकाचं खरं सामर्थ्य आहे. कुणाच्या प्रवचनानं सुटला नाही. नवऱ्याशी वाद घालून सुटला नाही. एकदा एकट्याच विचार करत बसलेल्या असताना त्यांच्या मनात आलं, की देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या. मग देवानं जे केलं नाही ते मी का सांभाळत बसू? एवढाच विचार. आणि त्या उठल्या त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होऊनच. दत्तूसह, म्हणजे मुलासह, बाप्तिस्मा १९०० मध्ये राहुरीला झाला. पण वाचणाऱ्याला कळतं की खरी उडी आधीच घेतली गेली होती, ती पाण्याच्या भांड्यापाशी.

लक्ष्मीबाई या क्षणाला ‘मी नम्र झाले’ असं कुठंही म्हणत नाहीत. नम्र झालेल्या माणसाला ते कळत नसतं. ‘मी किती नम्र आहे’ असं कळायला लागलं, की समजावं, परूशी देवळात येऊन उभा राहिला.

सुंभ आणि पीळ

बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयातलं मोठं पुस्तक. त्याच्या नावातच त्याची घडण आहे. आधी रात्र, मग पहाट. धर्मांतराच्या बहुतेक कहाण्या अशाच सांगितल्या जातात. पूर्वी मी गर्विष्ठ होतो, आता नम्र आहे. साक्ष द्यायला उभे राहतात ते लोक आजही याच साच्यात बोलतात.

‘स्मृतिचित्रे’ हा साचा मोडतात, आणि टीकाकार म्हणून मला पुस्तकाचं मोठेपण तिथं दिसतं. बाप्तिस्म्यानंतरची माणसं बाप्तिस्म्याआधीच्या माणसांसारखीच आहेत! टिळक आधी तापट, नंतरही तापट. आधी घर सोडून नाहीसे व्हायचे, नंतरही मनात आलं की निघाले. लक्ष्मीबाई आधी भित्र्या आणि विनोदी, नंतरही भित्र्या आणि विनोदी. आपल्याकडं म्हणतात ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. लक्ष्मीबाई पीळ लपवत नाहीत. मला वाटतं, ख्रिस्ती जीवनाचं मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक वर्णन हे आहे.

आता टिळकांचा गर्व कोणता होता ते बघू. तो जातीचा कमी आणि बुद्धीचा जास्त. हा गर्व नांदेडकरांच्या ओळखीचा आहे. परंपरा ज्यांचं नाव नांदेडच्या शेष घराण्याशी जोडते ते सतराव्या शतकातले वामनपंडित. त्यांची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. विद्वानांना वादात हरवत गावोगाव फिरायचे. एका रात्री झाडाखाली असताना वर दोन ब्रह्मराक्षसांचं बोलणं कानावर आलं. आपल्या पंगतीत पुढची जागा कोणाची? वामनपंडिताची! त्या धक्क्यानं पंडिताचा ताठा उतरला, अशी गोष्ट. खरी-खोटी सोडून द्या. पण विद्वानाचा गर्व वादात हरून जात नाही, वादात जिंकूनच तो माणसाला खातो, हे त्या गोष्टीला बरोबर कळलेलं आहे.

टिळकही वादविवादाचे, वक्तृत्वाचे, शीघ्रकवित्वाचे. सगळे धर्म पारखून स्वतःच एक नवा धर्म काढावा, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. अशा माणसाला १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी माणसानं नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. धर्मसंस्थापक व्हायला निघालेला माणूस शिष्य झाला. हे झालं पहिलं वाकणं.

पण पीळ? तो उरला. टिळक मिशनमध्ये आले, १९०४ मध्ये पाळक झाले, पण परदेशी मिशनरींपुढं दबून राहणं त्यांना कधीच जमलं नाही. हिंदी ख्रिस्ती माणसानं हिंदीच राहावं, त्याची उपासना अभंगात, कीर्तनात व्हावी, हे त्यांनी हट्टानं लावून धरलं. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्या काळातल्या काही लोकांना हा गर्वच वाटला असणार. मिशननं दिलेलं सोडून जातो म्हणजे काय!

इथं आपल्याला निवड करावी लागते. हा गर्व की स्वाभिमान? माझी कसोटी अशी. नोकरी सोडून टिळक वर चढले की खाली उतरले? पगार गेला, मान गेला, संन्याशाची वाट धरली. दरबार स्वतःचा नाही, देवाचा. जो गर्व माणसाला खाली उतरवतो त्याला गर्व म्हणायला माझी जीभ वळत नाही.

भरवशाची किंमत कोण भरतं?

मात्र टिळकांना देव्हाऱ्यात बसवायला मी आलेलो नाही. लक्ष्मीबाईही बसवत नाहीत.

टिळकांचा देवावर भरवसा होता तो शब्दशः. उद्याची चिंता करायची नाही म्हणजे नाही. हातात पैसा आला की कोणाला तरी दिला. घरात आपली मुलं, परकी मुलं, अनाथ मुलं. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले आणि त्या घराचेच होऊन गेले. वाचताना आपलं मन भरून येतं. पण पीठ कुठून आणायचं, हा प्रश्न रोज संध्याकाळी कोणापुढं उभा राहत होता? लक्ष्मीबाईंपुढं.

ख्रिस्ती चरित्रांत भरवशाचे पराक्रम फार असतात. अमक्यानं सगळं देऊन टाकलं आणि देवानं पुरवलं. ‘देवानं पुरवलं’ या दोन शब्दांच्या मागं बहुतेक वेळा एक बाई उभी असते. तिनं उसनं आणलेलं असतं, स्वतःच्या ताटातलं काढलेलं असतं, दागिना मोडलेला असतो. देवानं पुरवलं हे खोटं नाही. पण कोणाच्या हातून पुरवलं ते सांगायला नको? ‘स्मृतिचित्रे’ ते सांगतात. आणि नवऱ्यावरच्या प्रेमाला धक्का न लावता सांगतात, तक्रारीचा सूर न लावता, विनोदाच्या आडून. म्हणून मी म्हणतो, या पुस्तकात नम्रतेचा नायक टिळक नाहीत. कविता त्यांच्या, कीर्ती त्यांची. ९ मे १९१९ ला ते गेले, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढं न्यायला बसली ती ही बाई. स्वतःच्या नावासाठी नाही. काम अर्धं पडलंय म्हणून.

तेव्हा घरातल्या कर्त्या पुरुषांना एक सांगणं आहे. आपला भरवसा दुसऱ्याच्या ताटावर उभा आहे का, हे एकदा तपासून घ्या. तसा असेल तर तो गर्वच आहे, फक्त भक्तीचे कपडे घातलेला.

गर्विष्ठ कोण म्हणतं?

आता पंडिता रमाबाईंकडं एक नजर टाकू, कारण त्यांच्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. १८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली बाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा. तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं पुस्तकरूपात प्रसिद्ध केला. तो जरूर वाचा. त्यात रमाबाईंवर हट्टाचा आणि गर्वाचा ठपका पुन्हा पुन्हा येतो. ती शाकाहार सोडत नाही. ती धर्मतत्त्वांवर प्रश्न विचारते. वडीलधारे सांगतात तेवढं मुकाट्यानं मानत नाही.

रमाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं, की माझी सदसद्‌विवेकबुद्धी देवानं मला दिली आहे, ती मी दुसऱ्याच्या स्वाधीन करणार नाही. हा गर्व का? ठपका ठेवणारे कोण होते ते बघा. ज्यांच्या देशाचं इथं राज्य होतं ते. वरच्या माणसानं खालच्याला ‘तू गर्विष्ठ आहेस’ म्हणणं फार सोपं असतं. खालच्यानं सरळ उभं राहिलं, की वरच्याला तो ताठा वाटतो.

आणि याच बाईनं पुढं काय केलं? केडगावला मुक्ती मिशन. दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा बायका-मुली. जवळजवळ दोन दशकं खपून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर. ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. त्यासाठी छापखान्यात खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायकांनी. या भाषांतरावर साहित्याच्या बाजूनं आक्षेप घेता येतात. भाषा रुक्ष वाटते, ओघ कमी पडतो. पण जिच्या जिभेवर संस्कृत नाचत होतं तिनं मुद्दाम पांडित्य बाजूला ठेवून, न शिकलेल्या बाईला कळेल असं मराठी शोधलं. पंडितानं पांडित्य खाली ठेवणं म्हणजे काय, हे टिळकांच्या कवितेपेक्षाही मला या भाषांतरात जास्त दिसतं.

म्हणजे रमाबाई कोणापुढं वाकल्या नाहीत, आणि कोणापुढं वाकल्या, दोन्ही स्पष्ट आहे. सत्तेपुढं नाही. गरजेपुढं.

आपल्या भागात

आता मराठवाड्यात येऊ.

आपल्या भागात ख्रिस्ती धर्म मुख्यतः कोणाकडं आला? जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल ही वसाहत वसवली, निजामाच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकात. शेषाद्री ब्राह्मण होते, १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. बेथेलला ते राहिले मांग आणि महार समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये. इकडं उदगीर-निलंगा भाग १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, आणि बिदरच्या बाजूनं मेथडिस्ट मिशनचं काम या गावांत आलं. तेही प्रामुख्यानं गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत.

म्हणजे बघा. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई, शेषाद्री यांच्यासाठी ख्रिस्ती होणं म्हणजे पायऱ्या उतरणं. गावकुसाबाहेरच्या माणसासाठी ख्रिस्ती होणं म्हणजे पायऱ्या चढणं. पहिल्यांदा कोणीतरी त्याला सांगितलं, की तू देवाच्या प्रतिमेचा आहेस. दोघांना एकच प्रवचन कसं पुरेल?

‘स्मृतिचित्रे’ची मर्यादा इथं आहे, आणि ती नोंदवली पाहिजे. ज्यांच्या हातचं पाणी लक्ष्मीबाईंनी घेतलं त्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं? पुस्तक सांगत नाही. भांडं पुढं करणारा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. तो चेहरा बघायचा तर दुसरं पुस्तक उघडावं लागतं, आणि ते तुमच्याच भागातलं आहे. उदगीर भागातून आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, १९७९ चं. सोनकांबळे ख्रिस्ती नाहीत, पुस्तकात ख्रिस्ती उपदेशही नाही. तिथं भूक आहे, पोरकेपण आहे, शिकण्यासाठीची वणवण आहे. आणि सांगण्याचा सूर? आरडाओरड नाही. शांत, आर्जवी वाटावा इतका मऊ. काही वाचकांना हा सूर फार नमता वाटतो. मला वाटत नाही. एवढं सोसून माणूस ज्या हळुवारपणे लिहितो त्याला लाचारी म्हणत नाहीत. लाचार माणूस लिहितच नाही. लिहिणं हेच मान वर करणं.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. एकात मान खाली घालायला शिकणारी बाई आहे, दुसऱ्यात मान वर करायला शिकणारा मुलगा. मला वाटतं, दोघं एकाच जागी येऊन पोचतात. समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

नामांतराच्या काळात, १९७८ मध्ये, याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. मराठवाड्यात घरं जळाली. ज्यांची घरं जळाली त्यांना जाळणारे काय म्हणत होते? ‘माजलेत.’ हा शब्द नीट ऐका. गरिबाच्या अंगावर धड कपडे दिसले, पोरगं शिकलं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं, की तो माज. अशा गावात रविवारी उभं राहून ‘बंधूंनो, गर्व सोडा’ एवढंच सांगणारा उपदेशक कोणाच्या बाजूनं बोलत असतो? त्याचा हेतू चांगला असेल. पण त्याचे शब्द जाळणाऱ्यांच्या शब्दांना जाऊन मिळतात.

मग अशा श्रोत्यांना नम्रता सांगायचीच नाही का? सांगायची. पण आधी भरवसा सांगायचा. क्रम उलटा करायचा. येशूनं पाय धुतले त्या प्रसंगाकडं योहान कसा येतो बघा. सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडं जाणार, हे येशूला ठाऊक होतं, हे तो आधी नोंदवतो. मग तो उठतो, रुमाल कमरेला बांधतो. आपण कोण आहोत हे ज्याला कळलं तोच दुसऱ्याचे पाय धुऊ शकतो. ज्याला ते कळू दिलेलं नाही त्यानं पाय धुतले तर ती वेठबिगार.

नांदेडला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. हुजूर साहिबला जोडाघरात सेवा करणारे लोक तुम्ही बघता. दुकानदार, अधिकारी, दूरदेशाहून आलेले पैसेवाले. अनोळखी माणसाचा जोडा हातात घेतात, पुसतात, ठेवतात. त्यांचा चेहरा पडलेला नसतो. कारण त्यांना कोणी लावलेलं नाही, ते स्वतः आलेले आहेत. नम्रता हाताची असते, आणि स्वखुशीची असते.

लातूरसाठी एकच गोष्ट, आणि ती सांभाळून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यात कोणाला विसरता येत नाही. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं गेली. अशा आपत्तीनंतर सगळ्याच धर्मांत असे लोक निघतात, जे म्हणतात, हे पापाचं फळ, गर्वाची शिक्षा. ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण ठीक आहे, पण दगड-मातीच्या घराखाली झोपेत गेलेल्या लेकराचा गर्व कोणता होता? ईयोबाच्या पुस्तकात मित्र येऊन त्याला त्याच्या दुःखाचं कारण समजावून सांगतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. देवाच्या मनातलं मला कळलं, असं म्हणणं हा सगळ्यात मोठा गर्व. त्यापेक्षा ढिगाऱ्याजवळ गप्प बसून दगड उचलायला हात लावणं, हा भरवसा. कारण कळलं नाही तरी माणूस सोडायचा नाही.

शेवटचं

आजच्या वाचनातून मला तीन गोष्टी हाती लागतात. एक, गर्व ही बहुतेक वेळा भीती असते, आणि भीतीवर उपदेश चालत नाही, भरवसाच चालतो. दोन, नम्रता शिकवायची असेल तर स्वतःपेक्षा वरच्याला शिकवावी, किंवा स्वतःला. खालच्याला शिकवू नये, त्याला जागा द्यावी. तीन, नम्रता मोठ्या प्रसंगात सिद्ध होत नाही. ती पाण्याच्या भांड्यात, संध्याकाळच्या पिठात, छापखान्यातल्या खिळ्यांत आणि दुसऱ्याच्या जोड्यात असते.

‘स्मृतिचित्रे’ घरी नसेल तर आणा. असेल तर पुन्हा वाचा, आणि वाचताना हसा. स्वतःवर हसता येणं ही गर्वावरची सगळ्यात जुनी मात्रा आहे, आणि लक्ष्मीबाईंकडं ती भरपूर आहे.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडं ‘लातूर पॅटर्न’मुळं मुलांवर मार्कांचा मोठा भार आहे. मुलगा पहिला आला तर अभिमान बाळगायचा की नाही? नम्रता शिकवताना त्याची उमेद खचू नये, हे कसं जमवायचं?

उत्तर : मुलगा पहिला आला तर पेढे वाटा. आनंद आणि गर्व एक नाहीत. आनंद वाटला की वाढतो, गर्व वाटता येत नाही. फक्त एक बघा. घरात त्याचं मोल मार्कांवर ठरतंय असं त्याला वाटू देऊ नका. कारण मग पहिला आला तर गर्व आणि मागं पडला तर लाज, दोन्ही एकाच मुळातून उगवतात. नापास झाल्यावरही या घरात माझं ताट मांडलेलं असणार, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते मूल नम्रही होतं आणि अभ्यासही करतं. उधळ्या मुलाच्या दृष्टान्तातला बाप दारात उभा असतो, त्याच्या हातात प्रगतिपुस्तक नसतं.

प्रश्न : तुम्ही म्हणता खालच्याला नम्रता शिकवू नये. पण गर्व तर गरिबातही असतो. आमच्याच मंडळीत पोटजातीवरून एकमेकांकडं पाणी न पिणारे लोक होते. त्याचं काय?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण तो अवघड आहे. गर्व गरिबातही असतो, अगदी खरं. आपल्या समाजात प्रत्येक पायरीवरच्या माणसाला त्याच्याखाली एक पायरी दाखवून ठेवलेली आहे. आणि त्या पायरीकडं बघताना तोही लगेच वरचा होतो. म्हणून ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे शब्द मी माणसासाठी नाही, जागेसाठी वापरले. ज्या क्षणी मी कोणाच्या हातचं पाणी नाकारतो, त्या क्षणी मी वरचा झालो, माझं घर पत्र्याचं असलं तरी. आणि त्या क्षणी नम्रतेचा उपदेश मला लागू होतो. मंडळीत तो कोणी करायचा? ज्याच्या हातचं पाणी नाकारलं गेलं त्यानं नाही. त्याच्या शेजारी बसून ते पाणी आधी प्यायला जो तयार आहे, त्यानं.